बाटलीत काय होतं, ते लेबलवर नव्हतं

गेल्या अंकात मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका 'नर्व्ह टॉनिक'च्या जाहिरातीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. अशक्तपणा, निद्रानाश, उदासी आणि अपचन या सगळ्यांवर एकच बाटली, असा त्या जाहिरातीचा दावा होता. त्यावर पुष्कळ पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला देते आहे.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचताना पात्रांच्या 'नर्व्हज' सारख्या बिघडलेल्या दिसतात. कुणी कोचावर पडून असतं, कुणाला आवाज सहन होत नाही. हा नेमका कोणता आजार? आणि त्यावर लोक जे घ्यायचे, त्याला औषध म्हणता येईल का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : हा एक आजार नव्हता. झोप न येणं, छातीत धडधड, डोकं जड होणं, हातपाय गळून जाणं, भूक मरणं, कारण नसताना रडू येणं, कामात मन न लागणं या सगळ्या तक्रारी तेव्हा मज्जातंतूंच्या खात्यात जमा होत. १८६९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी या अवस्थेसाठी 'न्यूरास्थेनिया' हे नाव रूढ केलं. माणसाजवळ मज्जाशक्तीचा साठा मर्यादित असतो आणि आधुनिक आयुष्य तो लवकर संपवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८१ च्या पुस्तकात त्यांनी कारणंही दिली : वाफेचं इंजिन, तारायंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञानाची वाढ आणि स्त्रियांची बौद्धिक हालचाल. हे शेवटचं कारण वाचलं की मला आजही राग येतो. बाईनं डोकं चालवलं हे तिच्या आजाराचं कारण ठरलं, आणि इलाज म्हणून तिला वाचन-लेखन बंद करून अंथरुणात झोपवणारे मोठमोठे डॉक्टर होते.

पण त्या बायका आणि ते पुरुष ढोंग करत नव्हते, हे मला आधी सांगायचं आहे. आज तेच रुग्ण आले तर कुणाला चिंताविकार निघेल, कुणाला नैराश्य. कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं, कुणाचा क्षयरोग सुरू झालेला असेल, कुणाची पाळी जायची वेळ आलेली असेल. तेव्हा हे वेगळं करून सांगणाऱ्या तपासण्या बहुतेक नव्हत्याच. डॉक्टरची फी परवडत नसे, आणि फी भरूनही हाती फारसं लागत नसे. मग माणूस वर्तमानपत्रातल्या जाहिरातीकडे वळला, यात मला नवल वाटत नाही.

आता बाटल्यांकडे वळू. साठा संपला असेल तर भरून काढायचा, हा विचार विकायला सोपा होता. मेंदूत फॉस्फरस असतो हे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होतं, आणि फॉस्फरसशिवाय विचार नाही हे मोलेशॉट या शरीरशास्त्रज्ञाचं वाक्य युरोपभर गाजलं होतं. त्यावर फॉस्फोडाइन, फॉस्फेरिन अशी नावं उभी राहिली. शतकाच्या अखेरीला जर्मनीतून सॅनाटोजेन आलं. त्याच्या भुकटीत ९५ टक्के केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, आणि ५ टक्के सोडियम ग्लिसरोफॉस्फेट होतं. प्रथिन कधी वाईट नसतं. पण डाळ, भाकरी, दूध पोटात जाणाऱ्या माणसाला फॉस्फरसची उणीव सहसा पडत नाही. त्या डब्याचा भाव मात्र मेंदूच्या खुराकाचा होता.

विजेचे पट्टे याच विचारातून निघाले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर हार्नेस नावाच्या गृहस्थाचं मोठं दुकान होतं. कमरेला बांधायचा त्यांचा पट्टा दुबळ्या मज्जातंतूंमध्ये वीज भरतो अशी जाहिरात सगळ्या वर्तमानपत्रांत येई. विद्युत अभियंत्यांच्या नियतकालिकानं त्याचं पितळ उघडं पाडलं आणि १८९० च्या दशकात ती कंपनी बुडाली. पट्ट्यानं पैसे जात, पण जीव सहसा जात नसे.

ब्रोमाइडचं तसं नव्हतं. ते खरं औषध होतं, म्हणूनच त्याची गोष्ट गंभीर आहे. १८५७ साली राणीचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडनं काही स्त्रियांचे अपस्माराचे झटके थांबल्याचं लंडनच्या वैद्यकीय सभेत सांगितलं. झटक्यांवरचं ते पहिलं परिणामकारक औषध म्हणता येईल. ते मेंदूला शांत करतं, झोप आणतं. पण शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. आज घेतलेल्या डोसाचा निम्मा भाग सुमारे बारा दिवसांनीही अंगात असतो. रोज घेत राहिलं तर रक्तातलं प्रमाण आठवडेच्या आठवडे चढत राहतं. मग चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, बोलणं जड होतं, चाल अडखळते, विसर पडतो, चिडचिड होते आणि शेवटी भास होऊ लागतात.

हे दुखणं फार क्रूर होतं. पेंगुळलेपणा, विसर, चिडचिड ही मूळ तक्रारींसारखीच लक्षणं. नर्व्हज आणखी बिघडल्या असं समजून माणूस चमचा वाढवायचा. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावचं डॉ. माइल्स यांचं 'नर्व्हाइन' १८८० च्या दशकापासून अमेरिकेत घरोघरी गेलं, त्यात ब्रोमाइडंच होती. ब्रोमाइडच्या या विषबाधेवर इलाज काय होता, तर ब्रोमाइड बंद करणं आणि साधं मीठ. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि मिठातलं क्लोराइड यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे मीठ वाढवलं की ब्रोमाइडही बाहेर टाकलं जातं. अळणी खाणाऱ्या आजाऱ्याला हेच विष लवकर चढे.

माझे वडील वाईला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ब्रोमाइडची बरणी त्यांच्या फळीवर असे. शाळेतून आल्यावर डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी बाटलीला खळीनं चिकटवायचं काम माझ्याकडे. मिक्श्चरची बाटली परत भरायला कुणी आलं की वडील आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत, दोन शब्द बोलायला लावत, आणि जीभ जड वाटली तर बाटली न भरता रुग्णाला आत डॉक्टरांकडे पाठवत. त्या बाटलीवरही घटक लिहिलेले नसत, हे मान्य करते. पण समोर विचारणारा माणूस होता. टपालानं मागवलेल्या नर्व्हाइनच्या बाटलीला असा कुणी नव्हता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की काही बाटल्यांत काहीच नव्हतं आणि काहींत फार काही होतं. आपल्या हातात यांतली कोणती आहे, हे विकत घेणाऱ्याला कळायची सोय नव्हती.

प्रश्न : या औषधांना 'पेटंट' म्हणत. त्यांचं खरोखर पेटंट घेतलेलं असे का? (कायद्याचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : बहुतेकांचं नसे. पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते, आणि मुदत संपली की ती सगळ्यांची होते. या मंडळींना नेमकं तेच नको होतं. त्यांनी नाव, बाटलीचा आकार आणि लेबल राखलं आणि कृती लपवली.

इंग्लंडमध्ये याला आणखी एक वळण आहे. १७८३ पासून अशा औषधांवर सरकार मुद्रांक कर घेई. कर भरल्याची छापील पट्टी बाटलीच्या बुचावर किंवा डबीवर चिकटवलेली असे. तिचा अर्थ पैसे मिळाले एवढाच होता. पण सरकारी शिक्का बघून गिऱ्हाइकाला वाटे की सरकारनं तपासून पसंती दिली आहे. विक्रेते हा समज दूर तर करत नसतच, उलट 'सरकारी शिक्का पाहून घ्या' असं जाहिरातीत छापत. दरवर्षी तिजोरीत येणारी रक्कम चांगली मोठी होती, आणि माझ्या मते इंग्लंडात सुधारणा रेंगाळण्याचं हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न : मॅडम, तुम्ही या औषधांना फसवणूक म्हणता. पण मग हजारो लोकांची आभाराची पत्रं कशी छापून येत? सगळी खोटी होती का? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : सगळी खोटी नव्हती, सर. काही विकत घेतलेली होती, काही कंपनीतच लिहिलेली. पण पुष्कळ पत्रं खरी होती आणि लिहिणाऱ्याला खरंच बरं वाटलेलं होतं. म्हणूनच हा प्रश्न मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिलं म्हणजे असे विकार चढ-उताराचे असतात. माणूस बाटली आणतो ती सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर उतार पडणारच होता, श्रेय मात्र बाटलीला मिळतं. 'आता काहीतरी इलाज सुरू आहे' या दिलाशानंही झोप लागते, भूक लागते. तो परिणाम खरा असतो.

दुसरं, बाटलीतलं औषध. डॉ. विल्यम्स यांच्या गुलाबी गोळ्यांचं उदाहरण घ्या. कॅनडाच्या ब्रॉकव्हिल गावच्या जॉर्ज फुलफर्ड यांनी १८९० साली या गोळ्यांचे हक्क ५३ डॉलर १ सेंटला विकत घेतले आणि त्या जगभर विकल्या. आपल्या देशातही त्या येत. जाहिरात होती रक्त वाढवण्याची आणि खचलेल्या मज्जातंतूंना बळ देण्याची. आत मुख्य घटक होता हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. रक्त कमी असलेल्या मुलीला धाप लागते, चक्कर येते, छाती धडधडते, उदास वाटतं. तिला लोह दिलं की काही आठवड्यांत फरक पडतो. तिचं आभाराचं पत्र शंभर टक्के खरं होतं. पण त्याच गोळ्या अर्धांगवायूवर आणि मज्जारज्जूच्या असाध्य दुखण्यावरही विकल्या जात होत्या. त्या मुलीचं पत्र वाचून एखादा लुळा पडलेला माणूस डबीमागून डबी मागवत राहिला असेल, तर त्याचं पत्र कोण छापणार?

आता लिडिया पिंकम. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावच्या या बाई. नवऱ्याचं दिवाळं निघालं, घर चालवायची वेळ आली. शेजारपाजारच्या बायकांना त्या जो काढा करून देत, तो १८७५ पासून त्यांनी आणि मुलांनी विकायला काढला. बायकांच्या तक्रारी आणि त्याबरोबर येणारा मज्जातंतूंचा थकवा यांवर तो चाले. त्यात चार-पाच मुळ्या होत्या, मेथ्या होत्या आणि १८ टक्के मद्यार्क होता. साध्या वाइनपेक्षा जास्त. दारूबंदीच्या चळवळीतल्या बायका निष्ठेनं तो काढा घेत. लिडियाबाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या होत्या, आणि मद्यार्क हा मुळ्यांचा अर्क काढायला आणि टिकवायला लागतो असं त्या म्हणत. औषधनिर्मितीच्या दृष्टीनं ते चुकीचं नाही. पण दिवसातून अनेकदा चमचाभर मद्य पोटात जातं आहे आणि त्यानंच हलकं वाटतं आहे, हे घेणारीला कळायला हवं होतं.

बाटलीपेक्षाही मला त्या पत्रांचं जास्त लागतं. 'मिसेस पिंकमना लिहा, तुमचं पत्र पुरुषाच्या नजरेला पडणार नाही', अशा अर्थाची त्यांची जाहिरात असे. पुरुष डॉक्टरपुढे पाळीबद्दल, गर्भपाताबद्दल, रात्रीच्या भीतीबद्दल बोलायला लाजणाऱ्या हजारो बायकांनी लिहिलं. लिडियाबाई १८८३ साली वारल्या. त्यानंतरही पत्रं मागवणं चालूच राहिलं, उत्तरं कंपनीतल्या कारकून बायका देत. १९०५ साली एडवर्ड बोक या संपादकानं आपल्या स्त्रियांच्या मासिकात लिनच्या दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला. तारीख वाचता येत होती.

त्याच सुमाराच्या शोधपत्रकारितेतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. अनेक कंपन्यांकडे आलेली रुग्णांची पत्रं दलालांमार्फत गठ्ठ्यांनी विकली आणि भाड्यानं दिली जात होती. कुणाला कोणतं दुखणं, याची वर्गवारी करून. एका कंपनीला विश्वासानं लिहिलेलं दुःख दुसऱ्या कंपनीच्या विक्री-यादीत जाई. मी वर्षानुवर्षं या सदरासाठी वाचकांची पत्रं उघडते आहे. कोणत्या शाईत, किती खाडाखोड करून माणूस आपल्या दुखण्याबद्दल लिहितो हे मला माहीत आहे. औषधात भेसळ करण्याइतकाच हा गुन्हा मोठा आहे असं मी मानते.

प्रश्न : कोका-कोला हेसुद्धा मुळात मेंदूचं टॉनिक होतं, हे खरं की व्हॉट्सॲपवरची थाप? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरं आहे. अटलांटाचे औषधविक्रेते जॉन पेम्बर्टन अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी झाले होते आणि वेदनांपायी त्यांना मॉर्फिनची सवय लागली होती. पॅरिसमधली मारियानी यांची कोकाची वाइन तेव्हा फार खपत होती. पोप तेराव्या लिओंनी तिला सुवर्णपदक दिलं होतं. तिच्या धर्तीवर पेम्बर्टन यांनी आधी कोकाची वाइन काढली. अटलांटात दारूबंदी येणार असं दिसताच वाइन काढून साखरेचा पाक केला, कोकाची पानं आणि कोलाफळाचा अर्क ठेवला. हे १८८६ साल. मेंदूचं मोलाचं टॉनिक, डोकेदुखी, मज्जाशूळ, हिस्टेरिया आणि उदासी यांवर उपाय, असं सुरुवातीच्या जाहिरातीत होतं. कोकाच्या पानांत कोकेन असतं आणि कोलाफळात कॅफिन, त्यामुळे तरतरी येणारच. विसावं शतक उजाडल्यावर कोकेन काढलं गेलं. ही एकच बाटली तशी नव्हती. 'मोक्सी' हे अमेरिकन शीतपेयही १८८० च्या दशकात मज्जातंतूंचं अन्न म्हणूनच विकायला आलं होतं.

प्रश्न : हे सगळं थांबवलं कुणी? आणि आपल्याकडे त्याविरुद्ध कायदा आहे का? (सामाजिक कार्यकर्ती, अमरावती)

उत्तर : अमेरिकेत सुरुवात पत्रकारांनी केली. आधी वर्तमानपत्रं गप्प का होती, त्याचं कारणही त्यांनीच उघड केलं. औषध कंपन्या वर्तमानपत्रांशी जाहिरातींचे करार करत, त्यात एक कलम असे : तुमच्या राज्यात आमच्याविरुद्ध कायदा झाला तर हा करार रद्द. म्हणजे कायद्याला विरोध करायचं काम आपोआप संपादकावर येई. १९०५ च्या ऑक्टोबरपासून सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी 'कोलियर्स' साप्ताहिकात लेखमाला लिहिली, बाटल्या तपासून घेतल्या, नावं छापली. १९०६ च्या जूनमध्ये कायदा झाला. त्यानं या औषधांवर बंदी घातली नाही. मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन, क्लोरोफॉर्म, गांजा, क्लोरल असे घटक असतील तर लेबलवर प्रमाणासह लिहा, एवढंच सांगितलं. तेवढ्यानंही फार मोठा फरक पडला. तान्ह्या बाळाच्या 'सुखनिद्रे'च्या पाकात मॉर्फिन आहे हे आईला वाचता आलं. गुण येतो असा खोटा दावा करण्याला मात्र चाप बसला तो १९१२ च्या दुरुस्तीनं, तोही अर्धवट.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ साली अशा औषधांचं रासायनिक पृथक्करण करून निकाल आणि खर्च दोन्ही छापले. त्यातली बीचमच्या गोळ्यांची नोंद मी वर्गात दर वर्षी फळ्यावर मांडत असे. पित्त आणि मज्जातंतूंच्या विकारांवर म्हणून विकलेल्या या गोळ्यांत होतं काय, तर काळाबोळ, म्हणजे कोरफडीचा सुकवलेला रस, शिवाय सुंठ आणि साबण. म्हणजे रेचक. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, आणि फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, बारा पेन्सचा एक शिलिंग. विक्री १ शिलिंग दीड पेन्सला. दीड पेन्स कर वजा केला तरी मालाच्या ९६ पट. 'डबीला एक गिनी मोल आहे' ही त्यांची जाहिरात, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग.

पार्लमेंटनं नेमलेल्या समितीनं दोन वर्षं साक्षी घेऊन अहवाल दिला आणि तो बाहेर आला ४ ऑगस्ट १९१४ ला, ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं त्याच दिवशी. अहवाल फडताळात गेला. घटक लेबलवर छापायची सक्ती इंग्लंडात झाली थेट १९४१ साली, आणि त्याच कायद्यानं तो जुना मुद्रांक करही संपला.

आपल्याकडे या परदेशी बाटल्यांचा पूर आला होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनं १९३०-३१ मध्ये देशभर फिरून बाजारातल्या औषधांची पाहणी केली. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आला. तुमच्या कामाचा कायदा आहे तो १९५४ चा, औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याला जोडलेल्या यादीत ५४ आजार आहेत. ते बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही. त्या यादीत हिस्टेरिया आहे आणि 'मज्जातंतूंची दुर्बलता'ही आहे. व्हिक्टोरियन जाहिरातीतले शब्द आपल्या कायद्यात जसेच्या तसे आले, कारण भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत तेच शब्द छापून माल विकला जात होता. एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीवर अशी जाहिरात दिसली तर फोटो काढा, तारीख आणि जागा टिपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : आमचे पणजोबा इंग्रजी अमदानीत लष्करी इस्पितळात ड्रेसर होते. घर रिकामं करताना त्यांच्या ट्रंकेत चपटी बाटली सापडली. लेबलवर 'क्लोरोडाइन' आणि 'कॉलिस ब्राउन' वाचता येतं. तळाशी काळपट द्रव आहे. हे काय आहे, आणि त्याचं काय करू? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दादा, आधी ती बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, मग पुढचं वाचा.

या औषधाचा जन्मच हिंदुस्थानातला. जॉन कॉलिस ब्राउन हे इथल्या ब्रिटिश फौजेतले डॉक्टर. १८४८ च्या सुमाराला पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रुग्णांसाठी त्यांनी हे मिश्रण तयार केलं. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म हे त्यातले मुख्य घटक. अफूनं आतड्याची हालचाल मंदावते आणि कळा थांबतात, त्यामुळे जुलाबावर त्याचा गुण दिसे. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं, त्यावर या बाटलीत काही नव्हतं.

१८५६ मध्ये ब्राउन यांनी लंडनच्या डेव्हनपोर्ट यांच्याबरोबर विक्री सुरू केली आणि मग यादी लांबत गेली : खोकला, दमा, मज्जाशूळ, निद्रानाश, धडधड, हिस्टेरिया, अपस्मार. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्यानं हे आपलं संशोधन असल्याचा दावा केला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. १८६४ साली न्यायाधीशांनी ब्राउन हेच शोधकर्ते असल्याचा निर्वाळा दिला, आणि पुढे कित्येक वर्षं हा निकालच जाहिरातीत छापला जात होता. मला इथे खंत वाटते ती अशी, की कृती कुणाची यावर कोर्टात इतका खल झाला, पण ती लेबलवर लिहायला कुणी लावलं नाही. १८६८ च्या कायद्यानं इंग्लंडात अफूच्या विक्रीवर बंधनं आली, पण पेटंट औषधं त्यातून वगळली होती.

मज्जातंतूंच्या तक्रारीसाठी ही बाटली सगळ्यात धोक्याची. रात्री झोप येत नाही म्हणून थेंब घ्यायचे, झोप लागायची. काही आठवड्यांनी तेवढे थेंब पुरत नसत. सोडायला गेलं की अंग दुखे, घाम येई, जीव घाबरा होई, म्हणजे पुन्हा नर्व्हज. क्लोरोडाइनच्या व्यसनाच्या आणि जास्त डोसानं झालेल्या मृत्यूंच्या नोंदी त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार सापडतात. तुमच्या पणजोबांसारख्या माणसाच्या ट्रंकेत ती असणं मात्र स्वाभाविक आहे. छावणीत, प्रवासात पोट बिघडलं तर हाताशी असावं म्हणून ती ठेवली जाई.

आता काय करायचं ते. बूच उघडू नका, वास घेऊ नका, चव तर नाहीच. इतक्या वर्षांत क्लोरोफॉर्म उडून गेला असेल, पण अफूतले घटक तळाशी घट्ट होऊन राहिलेले असू शकतात. जुनं बूच चुरा होतं, म्हणून बाटली उभीच ठेवा, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, भोवती कापूस लावून. द्रव मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बेळगावात औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे, तिथे आधी फोन करून सांगा की आत द्रव आहे, आणि ते घेऊन या म्हणाले तरच न्या. रिकामी करून धुतलेली बाटली तुम्हाला ठेवता येईल का, हे त्यांनाच विचारा.

त्याआधी लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा. बुचावरून खाली आलेली छापील कागदी पट्टी शिल्लक असेल तर ती सोलू नका. तोच तो मुद्रांक. या औषधाच्या पट्टीवर कॉलिस ब्राउन यांचं नाव छापलेलं असे. पट्टी असेल तर बाटली १९४१ च्या आधीची समजायला हरकत नाही. पट्टी नसली म्हणून मात्र काही ठरत नाही. फोटो पाठवलेत तर पुढच्या महिन्यात लेबलवरचा मजकूर वाचून कळवते.